कॅन्ससच्या जत्रेतली कडक भाकरी

अमेरिकेला शिकायला गेलेली पोरं आता सोलापुरात गल्लोगल्ली सापडतात. आमच्याच बोळात तीन घरांत आहेत. पण अमेरिकेत जाऊन भाकरी थापायला शिकून आलेली मी एकटीच असेन. त्यातही गंमत अशी की माझ्या आईचा धंदाच कडक भाकरीचा आहे. महादेवीबाईंची भाकरी म्हटलं की आमच्या भागातले खानावळवाले दुसरीकडे बघत नाहीत.

हे आधी नीट सांगायला हवं. पहाटे पाचला आईची परात वाजायला लागते. त्या थप-थप आवाजावर मी दहावी केली, बारावी केली, कृषी महाविद्यालयाची चार वर्षं काढली. पण पिठाला हात लावायची मला बंदी होती. सातवीत असताना एकदा हौसेनं गोळा उचलला, तर आईनं मनगटावर असा फटका दिला की संध्याकाळपर्यंत लाल होतं. तिला स्वतःला दहाव्या वर्षी दुधनीच्या शाळेतून काढून चुलीपुढं बसवलं होतं. आपल्या पोरीच्या हाताला पीठ लागू द्यायचं नाही, हे तिनं मी पाळण्यात असतानाच ठरवून टाकलेलं. शेजारणी नाक मुरडायच्या, एवढी थोरली झाली आणि भाकरी येत नाही म्हणायच्या. आई मान वर करून सांगायची, "न्हाय येत." एखाद्या बक्षिसाबद्दल सांगावं तसं सांगायची.

माझ्या वाट्याला फक्त एक काम होतं. तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गायीला नेऊन घालायची. पहिली भाकरी गायीची, ती आमच्याकडून कधी गिऱ्हाइकाला गेलेली नाही. हे काम मी शाळेत जायला लागल्यापासून विमानात बसेपर्यंत न चुकता केलं. त्या सवयीनं पुढं सातासमुद्रापार मला कसं गोत्यात आणलं ते येईलच.

माळरानावरचं गाव

कॅन्सस म्हणजे अमेरिकेचा मधला भाग. चित्रात बघतो ती अमेरिका, म्हणजे उंच इमारती आणि समुद्र, तिथून फार लांब राहते. मला धान्यशास्त्रात मास्टर्स करायचं होतं आणि त्यासाठी तिथल्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली होती. ऑगस्टात उतरले तर ऊन अगदी आपल्या एप्रिलसारखं, वारा सतत आणि चहूकडं माळ. एवढा समुद्र ओलांडून मी सोलापूरशेजारच्या होटगीच्या पलीकडं उतरले की काय, असं वाटलं. फरक एवढाच की माळावर माणूस दिसत नव्हतं. तिथं चालत कोणी जात नाही. पहिल्या आठवड्यात मी दुकानातून बटाट्याची पिशवी घेऊन पायी निघाले, तर दोन गाड्या थांबल्या आणि गाडी बंद पडली का म्हणून विचारून गेल्या.

खोलीत माझ्याबरोबर हरिणी होती, वरंगळची. घरमालकाबद्दल ती फोनवर तेलुगूत काहीतरी तिखट बोलत होती आणि मला हसू आलं, तेव्हा ती दचकली. सोलापुरात विणकरांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला तेलुगूतल्या शिव्या तरी कळतातच. तिथपासून आमचं जमलं. रविवारी आम्ही मोठ्या दुकानाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळायचो. शनिवारी फुटबॉलचा सामना असला की अख्खं गाव एका रंगाचे शर्ट घालून सकाळपासून मैदानाबाहेर चुली मांडायचं आणि ओळख नसलेल्यालाही बोलावून भाजलेलं कणीस द्यायचं. एरवी मात्र कोणाच्या घरी न सांगता जायचं नाही. "कशी आहेस?" विचारून माणूस उत्तराला न थांबता पुढं जातो, याची सवय व्हायला मला सहा महिने लागले. मी पहिल्यांदा खरंच सांगत बसले होते.

आणि ज्वारी. सप्टेंबरात गावाबाहेर पडलं की नजर पोचेल तिथवर ज्वारीची रानं. पण कशी, तर कंबरेएवढी बुटकी आणि तांबड्या कणसांची. आपली ज्वारी डोक्याच्या वर जाते, कारण आपल्याला जनावरांसाठी कडबाही हवा असतो. तिथं कडब्याचं काही काम नाही, यंत्र वरून कणसं छाटून नेतं आणि धाटं रानातच राहतात. दाणाही जातो तो गुरांच्या खाद्याला. माणसं ज्वारी खातात हे तिथं मी दहा जणांना सांगितलं, त्यातल्या आठ जणांनी कीव आल्यासारखं बघितलं.

डोनाच्या टेबलावर

परदेशी विद्यार्थ्यांना सणासुदीला एकटं वाटू नये म्हणून तिथली काही कुटुंबं त्यांना घरी बोलावतात. मला मिळालं डोना आणि रॉय यांचं घर. दोघंही साठीच्या पुढचे, गावापासून अर्ध्या तासावर त्यांची शेती आणि वीसेक गायी. दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांच्या मोठ्या सणाचं जेवण होतं. नेमकं त्याच आठवड्यात आईनं अक्कलकोटच्या एका मुलाबरोबर कडक भाकरीची थप्पी आणि शेंगाची चटणी पाठवली होती. मी सहा भाकऱ्या घेऊन गेले. डोनानं शेंगदाणे म्हटल्यावर आधी सगळ्यांना विचारून घेतलं, कोणाला त्रास तर होत नाही ना. आपल्याकडं शेंगदाण्यानं कोणाला त्रास होईल हे स्वप्नातही येत नाही.

रॉयनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीवर दाबला, खाल्ला आणि हे कशाचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमच्या रानात आहे त्याचंच. तो चावायचा थांबला. चाळीस वर्षं हे पीक काढतोय, पण दाणा कधी तोंडात घातला नाही, असं म्हणाला आणि उरलेली अख्खी भाकरी त्यानं आपल्या ताटात ओढली.

इथंच मी चुकले. डोनानं विचारलं, तू करतेस का ही? मी म्हटलं, आमच्या घरी करतात. यात खोटं काहीच नव्हतं. पण तिनं ऐकलं ते "मी करते" असं, आणि तिचा चेहरा एवढा खुलला की मला ते खोडवलं नाही. शिवाय धान्यशास्त्र शिकणारी सोलापूरची मुलगी भाकरी करू शकत नाही, हे तिथं सांगायची लाज वाटली. जी गोष्ट आई मान वर करून सांगायची तिचीच मला लाज वाटली, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

डोना मग पेटलीच. त्यांच्या तालुक्याची जत्रा जुलैच्या शेवटी भरते. देव नाही, पालखी नाही; गुरं, डुकरं, भोपळे, गोधड्या, लोणची आणि पाव यांच्या स्पर्धा. पावाच्या विभागात डोनाच्या दालचिनी रोलनं किती वर्षं बक्षीस घेतलं ते रॉय मोजून दाखवायचा. तिनं माझं नाव तिथल्या तिथं कागदावर लिहून घेतलं. माझ्या हातात आठ महिने होते.

पावडर

पहिला प्रयत्न दुकानातल्या ज्वारीच्या पिठाचा. थापली की फुटायची, उचलली की तुकडे. हरिणी म्हणाली, नकाशे छान येतायत. आईला विचारायची सोय नव्हती. ज्यापासून लांब ठेवायला तिनं आयुष्य घातलं तेच मी तिकडं शिकतेय, हे तिला कसं सांगणार? तिच्या दृष्टीनं तो तिचा पराभवच झाला असता. म्हणून मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, गाठलं. ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करतात. सुट्टीत त्यांना फोन लावला आणि मागांच्या खडखडाटात सगळं ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "विरी गेली आसंल पिठाची. दाना जुना चालतोय, पीठ जुनं चालत न्हाय." पीठ शिळं झालं की त्याचा चिकटपणा जातो, त्याला आमच्याकडं विरी जाणं म्हणतात. दीड वर्ष मी पिठाच्या चिकटपणावर प्रबंध लिहीत होते आणि हे मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रॉयच्या कोठारातली ज्वारी आणून प्रयोगशाळेच्या छोट्या गिरणीत दळली. भाकरी फुटायची थांबली.

हाताचं वळण मात्र कोणतीही गिरणी देत नाही. तेव्हा अण्णांनी युक्ती काढली. पोरीला घर बघू वाटतंय, असं आईला सांगून ते कामाला निघायच्या आधी पहाटे फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचे. तिकडं आमची आदली संध्याकाळ असायची. आई थापत थापत बोलायची, मी बघायची. माझ्या बाजूला फोनमध्ये फक्त माझं तोंड दिसेल एवढीच सोय होती, खाली परातीत माझे हात तिच्या हाताबरोबर फिरत असायचे. ती गोळा मळायची, मी मळायची. ती तळव्यानं कडेकडेनं फिरवायची, मी फिरवायची. ती तव्यावर फडक्यानं दाबून दाबून भाकरी वाळवायची ते मी मान लांब करून बघायची.

एकदा तिनं रोखून बघितलं. "गालाला काय लागलंय गं पांडरं?"

"पावडर," मी म्हटलं.

"लई लावू नगंस," ती म्हणाली आणि पुढची भाकरी घेतली.

बोटं किती वेळा भाजली त्याचा हिशेब नाही. मार्गदर्शक बाईंनी माझ्या हाताच्या पट्ट्या बघून प्रयोगशाळेतल्या सुरक्षेचं पत्रक पुन्हा वाचायला दिलं. मार्चमध्ये पहिली भाकरी गोल आली. मे महिन्यात प्रबंध मान्य झाला, हरिणीनं केक आणला. पण खरं सांगते, जूनमध्ये माझी भाकरी पापडासारखी पातळ वाळली आणि मोडताना कडकन वाजली, त्या दिवशी मी जास्त नाचले.

जत्रेची सकाळ

स्पर्धेचा नियम सोपा होता. एकसारखे चार नग, कागदी थाळीत, सकाळी दहाच्या आत. मी आदल्या दिवशी डोनाकडं मुक्कामाला गेले आणि बरोबर पाच भाकऱ्यांचं ताजं पीठ नेलं. चार थाळीत आणि एक हाताशी राखून ठेवायला. सकाळी डोना रोल सजवत होती, मी तव्याशी. पहिली भाकरी अशी उतरली की काय सांगू. काठ सारखे, डाग कुठं नाही, आईनंही मान हलवली असती. मी ती उचलली, मागचं दार उघडलं, अंगण ओलांडलं आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या गायीला घातली.

गायीनं ती दोन घासांत संपवली आणि मला भान आलं.

रॉय खुराड्यापाशी उभा राहून हे बघत होता. त्यानं विचारलं, तुझी बक्षिसाची भाकरी तू माझ्या गायीला का दिलीस? मी म्हटलं, पहिली गायीचीच असते. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. ही रोज तेच धान्य खाते, पण थापून भाजून तिला आजवर कोणी दिलं नव्हतं, असं तो गायीकडं बघत म्हणाला.

उरलेल्या चारांपैकी शेवटची उलथताना दुमडून मोडली. थाळीत तीन, पीठ संपलेलं, गिरणी अर्ध्या तासावर आणि घड्याळात सव्वाआठ. मला रडूच कोसळलं. डोना चिडली नाही, ओट्यावरचं कॉफी दळायचं छोटं यंत्र तिनं माझ्यापुढं ठेवलं. रॉय कोठारातून ओंजळभर ज्वारी घेऊन आला. कॉफीचा वास जावा म्हणून आम्ही दोनदा ज्वारी दळून फेकली, तिसऱ्यांदाची चाळली. चौथी भाकरी झाली. वास बराचसा गेला होता, सगळा नाही. पावणेदहाला आम्ही जत्रेच्या फाटकात होतो.

नोंदणीच्या बाईला भाकरी कुठल्या गटात घालावी कळेना. यीस्ट आहे का? नाही. सोडा? नाही. तेल, लोणी, साखर, अंडं? नाही. मीठ? तेही नाही. तिनं शेवटी "इतर पाव" असं लिहिलं आणि माझ्याकडं सहानुभूतीनं बघितलं. पदार्थाबरोबर एक कार्डही द्यायचं होतं, त्यावर कृती आणि ती कुठून मिळाली हे लिहायचं. कृतीच्या जागी मी लिहिलं: ज्वारीचं पीठ, गरम पाणी. कुठून मिळाली तिथं लिहिलं: महादेवी, माझी आई, सोलापूर.

तिथं परीक्षण सगळ्यांसमोर होतं. लोक पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्या टाकून बसतात आणि परीक्षक माईकवरून प्रत्येक पावाचे गुणदोष सांगतात. आमच्या परीक्षक एक निवृत्त शिक्षिका होत्या. प्रत्येक पदार्थाचा चिमणीएवढा घास घेऊन पुढं सरकत होत्या. माझ्या थाळीशी आल्या, चार भाकऱ्या एकावर एक ठेवून काठ बघितले आणि त्यांतली नेमकी चौथी उचलली. त्यांनी ती माईकजवळ धरून मोडली. अख्ख्या शेडमध्ये कडकन आवाज गेला. खाल्लं, कार्ड वाचलं, फक्त पीठ आणि पाणी का म्हणून मला विचारलं. मग म्हणाल्या, याला एक भाजका खरपूस वास आहे, तो कशाचा ते कळत नाही, पण छान आहे. डोनानं छताकडं बघितलं.

आणि त्यांनी दुसरा घास घेतला. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा चाखलेला तो एकच पदार्थ होता. डोनानं मला कोपरानं एवढं ढोसलं की अजून आठवतं.

माझ्या गटाची पहिल्या नंबरची निळी फीत मला मिळाली, तिथवर ठीक होतं. मग सगळ्या निळ्या फीतवाल्यांतून पावाच्या अख्ख्या विभागाचा पहिला नंबर निवडायचा होता, त्याला फितींचं केलेलं मोठं जांभळं फूल होतं. बाईंनी कार्ड पुन्हा हातात घेतलं आणि माईकवरून अडखळत वाचलं, "महादेवी, सोलापूर." टोप्या घातलेले शेतकरी उभे राहून टाळ्या वाजवत होते. आईचं नाव मी आजवर मतदारयादीत आणि रेशनकार्डावर वाचलेलं, माईकवर कधी ऐकलं नव्हतं. मी तिथंच, सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडले. मला एवढा आनंद पदवीच्या दिवशी झाला नव्हता, आणि हे सांगायला मला काही वाटत नाही.

डोनानं मिठी मारली. घरी जाताना मात्र गाडीत तिनं माझ्या मांडीवरच्या जांभळ्या फुलाकडं दोनदा बघितलं. मग म्हणाली, पुढच्या वर्षी तू इथं नसशील हे बरंच आहे. त्यावर तिघंही हसत सुटलो.

सोलापूर

ऑगस्टात परत आले. जांभळं फूल बॅगेच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळलेलं. दोन दिवस ते बाहेर काढायचा धीर झाला नाही. बोळातल्या बायका येऊन गेल्या, कुणीतरी विचारलंच, आता तरी भाकरी येते का हिला. आई पूर्वीसारखीच मान वर करून म्हणाली, "न्हाय येत."

तिसऱ्या पहाटे परात वाजली, तशी मी उठून आईच्या समोर जाऊन बसले आणि फूल तिच्या पुढ्यात ठेवलं. सगळं सांगितलं. जत्रा, कार्ड, माईकवर वाचलेलं नाव. आईचे हात थांबले.

"कुनी शिकीवलं?"

"तूच. रोज पाच वाजता."

तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णा दारात सायकलच्या साखळीला तेल घालत होते, ते आणखी वाकून तेल घालायला लागले.

"म्हंजी ती पावडर न्हवती," आई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "येवढं शिकून शेवटी भाकरीच थापलीस की."

याच वाक्याची भीती मी हजारो मैल बॅगेतून वागवत आणली होती. पण ऐकल्यावर उत्तर आपोआप आलं. "शिकून थापली, आई. शाळा सोडून न्हाय थापली."

तिनं फूल उचलून पिठाच्या हातांनीच फडताळात देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलं. मग परात माझ्याकडं सरकवली.

"थाप बघू."

मी थापली. भाजली, दाबली, वाळवली. उतरवली आणि सवयीनं गायीला न्यायला उठले, तर आईनं हात धरून खाली बसवलं. "तू बस. आज मी नेते." मी नसताना हे काम अण्णा करायचे; इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती चुलीपुढून उठून बोळाच्या तोंडाशी गेली. मी दारातून बघत होते. गायीपुढं उभी राहून तिनं भाकरीचा एक तुकडा मोडला, कोणी बघत नाही असं समजून तोंडात टाकला, सावकाश चावला. उरलेली गायीला घातली.

परत येऊन पदराला हात पुसले. म्हणाली, "कड जाड हाय. दुसरी थाप."

दुसरी तव्यावरून उतरली तशी तिनं ती नखानं वाजवून बघितली, उजेडात धरली, फिरवून काठ बघितला. आणि खानावळीला जायच्या थप्पीत, आपल्या भाकऱ्यांच्या मधोमध ठेवून दिली.

याला आता महिना होऊन गेला. खानावळीतून अजून तक्रार आलेली नाही.